सहलीतील फसवणूक : निदान, प्रतिबंध आणि उपचार



आपल्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, लसीकरण अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीत एका बालरोगतज्ज्ञाने सहलीतील फसवणुकीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाशी माझा संबंध दरवर्षी येतो. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी संपली की माझ्या बाह्यरुग्ण विभागात सहलीहून परतलेली मुले येऊ लागतात. कोणाला जुलाब, कोणाला उन्हाने आलेला ताप, कोणाच्या कानात समुद्राचे पाणी. मुलाला तपासत असताना पालक बोलते होतात आणि तापाच्या इतिहासामागून दुसराच एक इतिहास बाहेर येतो. आगाऊ पैसे भरलेला बंगला जागेवर नव्हताच. भाड्याच्या स्कूटरवरील जुन्या ओरखड्याचे पैसे भरावे लागले. बोटीत लाइफ जॅकेट मागितले तर माणूस हसला. हे सांगताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. "डॉक्टर, कोणाला सांगू नका," असेही काही जण म्हणतात.

या शेवटच्या वाक्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. लपवलेला आजार पसरतो, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

रोगाची कारणमीमांसा

फसणारा माणूस लोभी किंवा अडाणी असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक पालक यांपैकी काहीही नव्हते. त्यांत प्राध्यापक होते, व्यापारी होते आणि आपल्याच व्यवसायातील मंडळीही होती. त्यांची बुद्धी शाबूत होती. परंतु त्या क्षणी बुद्धी वापरण्यास लागणारी उसंत त्यांच्यापाशी नव्हती.

सहलीत तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली घाई : वर्षातून चारच दिवस मोकळे, त्यांतला प्रत्येक तास मोलाचा. दुसरी थकवा : रात्रभराचा प्रवास, कडेवर झोपलेले मूल, हातात चार बॅगा. तिसरी भीड : मुलांसमोर दोनशे रुपयांसाठी वाद घालणे प्रशस्त वाटत नाही. फसवणारा या तिन्ही गोष्टी उत्तम ओळखतो. म्हणूनच तो मुलाशी आधी बोलतो. "बाबूला बोटीत बसायचंय ना?" एकदा मूल नाचू लागले की आईवडिलांची नकार देण्याची ताकद निम्मी होते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ते हेच. या धंद्यात मूल हा गळाला लावलेला मासळीचा तुकडा असतो.

डॉक्टरांच्या बाबतीत चौथे कारण जोडावे लागते. आपल्याला रजा दुर्मीळ, व्यवहार सांभाळण्यास माणसे असल्याने स्वतः चौकशी करण्याची सवय कमी, आणि आपल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात म्हणून आपणही दुसऱ्याच्या शब्दावर पटकन विसंबतो.

रोगाचे प्रकार

१) घर सोडण्यापूर्वीची फसवणूक. पूर्वी ठकसेन रेल्वे स्थानकावर भेटत असे. आता तो आपल्या दिवाणखान्यात येतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये देशभरातील यात्रेकरू व पर्यटकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रेतील अतिथिगृहे, भाड्याच्या गाड्या आणि सहलींची पॅकेजे यांच्या नावाने हुबेहूब खऱ्यासारखी संकेतस्थळे व जाहिराती तयार करून लोकांना लुबाडले जात असल्याचे त्यात म्हटले होते. सोमनाथच्या अतिथिगृहांचे आरक्षण त्या मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे, असेही त्यात स्पष्ट केले होते.

गोव्याच्या बाबतीत हाच प्रकार बंगल्यांच्या रूपात आढळतो. पोहण्याच्या तलावासह बंगला, शेजारच्या हॉटेलपेक्षा निम्मे भाडे, सुंदर छायाचित्रे, आणि "दुसरी पार्टी तयार आहे, अर्धी रक्कम आत्ताच पाठवा" असा निरोप. छायाचित्रे बहुधा दुसऱ्याच कोणाच्या बंगल्याची असतात. येथे निदानाच्या तीन चाचण्या आहेत. पैसे संस्थेच्या खात्यात मागितले आहेत की कोणा व्यक्तीच्या? त्या ठिकाणाचा नोंदणी क्रमांक सांगितला जातो काय? गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने देणाऱ्यास पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे हा प्रश्न गैरलागू नाही. आणि व्हिडिओ कॉलवर या क्षणी ती जागा दाखवण्याची मालकाची तयारी आहे काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक नसतील तर स्वस्ताईचा मोह सोडावा.

याच प्रकारातील दुसरी शाखा 'ग्राहक सेवा केंद्राची' आहे. तिकीट रद्द झाल्यावर आपण इंटरनेटवर विमान कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधतो आणि सर्वांत वर दिसणारा क्रमांक ठकाचा असतो. तो परताव्यासाठी एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो, त्यातून आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो, आणि खाते रिकामे होते. क्रमांक नेहमी तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले, एवढे घरातील ज्येष्ठांना आणि मोबाइल हाताळणाऱ्या मुलांना पाठ करून घ्यावे.

२) उतरल्याबरोबरची फसवणूक. स्थानकावर, विमानतळावर, तीर्थक्षेत्राच्या वेशीवर वाट पाहणारा दलाल सर्वांच्या परिचयाचा आहे. शिर्डीस जाणाऱ्यांना 'पॉलिशवाले' हा शब्द ठाऊक असेलच. गाडी थांबवून दर्शनाची, खोलीची सोय करून देतो असे सांगायचे आणि ठरलेल्या दुकानात नेऊन हार-प्रसादाचे ताट चढ्या भावात गळ्यात घालायचे, कमिशन खिशात टाकायचे, असा त्यांचा उद्योग. साईबाबांचे सर्वसाधारण दर्शन निःशुल्क आहे, ही एक गोष्ट ठाऊक असली की त्यांचे निम्मे बोलणे निष्प्रभ होते.

गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्याने आणखी एक घोळ संभवतो. दाबोळी दक्षिणेस, मोपा पार उत्तरेस पेडण्याजवळ. तिकिटावर नुसते 'गोवा' पाहून हॉटेल व गाडी ठरवली तर मध्ये दोन तासांचे अंतर पडू शकते आणि अडलेल्या माणसाकडून वाटेल ते भाडे वसूल होते. विमानतळाचे नाव आधी वाचावे आणि गाडी विमानतळावरील प्रीपेड खिडकीवरूनच घ्यावी.

३) किनाऱ्यावरील फसवणूक. कळंगुट, बागा, कांदोळी येथे वाळूत पाय ठेवताच कोणीतरी 'पाच खेळांचे पॅकेज' घेऊन पुढे येतो. ठरलेली रक्कम भरल्यावर समजते की पॅरासेलिंग दोन मिनिटांचे आहे, पाण्यात बुडकी हवी असेल तर जादा, छायाचित्रांचे वेगळे, आणि डॉल्फिन 'नक्की' दिसतील असे कोणी म्हटलेच नव्हते. पैशांपुरते हे प्रकरण असते तर मी त्यावर एवढे लिहिले नसते. परंतु येथे पैशाबरोबर जीव पणाला लागतो.

मालवणजवळ तारकर्ली येथे २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळात, कळंगुटच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटली. एक जण दगावला आणि वीस जणांना वाचवण्यात आले. १८ जानेवारी २०२५ रोजी उत्तर गोव्यातील केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिच्यासोबतचा चालक असे दोघे मृत्युमुखी पडले. ती कंपनी बेकायदा व्यवसाय करीत होती, असे पोलिसांनी सांगितले. जो पावती देत नाही, तो परवाना काढत नाही. जो परवाना काढत नाही, तो साधनांची तपासणी कशाला करील? म्हणून पावती मागणे हा हिशेबीपणा नव्हे, ती सुरक्षिततेची पहिली चाचणी आहे.

मुलांसाठी काही गोष्टी आग्रहाने सांगतो. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे असते. मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर ते त्या मुलासाठी नाही. मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर बोटीत बसू नये, मग भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. पावसाळ्यात गोव्यातील जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी बोट काढतो म्हणाला तर तो स्वतःच स्वतःविषयी सर्व काही सांगत असतो. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. लाल निशाण दिसले तर पाण्यात जाऊ नये आणि बोटवाल्याविषयी शंका आल्यास प्रथम जीवरक्षकाला विचारावे.

४) भाड्याच्या वाहनाची फसवणूक. भाड्याने स्वतः चालवण्यास दिलेल्या अधिकृत वाहनाची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन काही रुपये स्वस्त मिळते. परंतु त्याचा विमा खासगी वापरापुरता असतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. चार दिवसांच्या भाड्यात वाचलेल्या रकमेपेक्षा एका अस्थिभंगाचा खर्च किती, हे आपल्याला सांगायला नको. वाहन घेतानाच मालकासमक्ष त्याचे चारही बाजूंनी चित्रण करावे, म्हणजे जुना ओरखडा नवा ठरत नाही. मूळ आधारपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र कोणाकडेही तारण ठेवू नये. ज्याच्या हाती मूळ कागद, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. थायलंडच्या किनाऱ्यांवर भाड्याच्या जेट-स्कीवरील जुने ओरखडे पर्यटकांच्या माथी मारण्याचे प्रकार जगभर गाजले आहेत. अटलांटिक महासागरातील बहामाजविषयीच्या सूचनांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, भाड्याच्या जलवाहनांवर सर्वत्र सारखे नियंत्रण नाही, असा इशारा आपल्या नागरिकांना दिलेला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि हिवाळ्यात त्या बेटांवर सहलीस जातात. त्यांनाही पावती, परवाना आणि लाइफ जॅकेट हाच मंत्र लागू पडतो.

५) 'हॉलिडे क्लब'चे सभासदत्व. हा प्रकार खास आपल्या व्यवसायाला ग्रासणारा आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये एक चिठ्ठी भरून घेतली जाते. आठवड्याने फोन येतो की आपल्याला तीन रात्रींचा मुक्काम बक्षीस मिळाला असून तो स्वीकारण्यासाठी पती-पत्नी दोघांनी अमुक हॉटेलात यावे. पूर्वी गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांना 'स्क्रॅच कार्ड' देऊन हेच केले जात असे.

काही वर्षांपूर्वी अशा एका कार्यक्रमास आम्ही उभयता कुतूहलापोटी गेलो होतो. मुलांना फुगे देऊन खेळण्याच्या खोलीत नेण्यात आले. प्रत्येक टेबलावर एक विनयशील तरुण किंवा तरुणी. 'गेल्या पाच वर्षांत सहलींवर किती खर्च केलात?' अशी सुरुवात. दर दहा मिनिटांनी कोठेतरी टाळ्या वाजत आणि एखाद्या जोडप्याचे अभिनंदन होई. आमच्या टेबलावर किंमत सांगितली गेली, आम्ही नाही म्हणताच एक वरिष्ठ आले आणि किंमत उतरली. पुन्हा नाही म्हणताच त्यांचे वरिष्ठ आले आणि ती आणखी खाली आली. 'मात्र हा दर केवळ आजचा.' आम्ही एकच विनंती केली, की कराराची प्रत घरी नेऊन वाचू द्या, उद्या धनादेश देतो. ती मान्य झाली नाही. आम्ही मुलांना घेऊन बाहेर पडलो. जो करार घरी नेऊन वाचता येत नाही, तो न वाचताच नाकारावा, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगत आलो आहे.

याचा हिशेबही मांडून पाहावा. समजा, सभासदत्व ३ लाख रुपयांचे आहे, वार्षिक देखभाल शुल्क १५ हजार आहे आणि वर्षाला सहा रात्री मिळतात. ३ लाखांवर ७ टक्क्यांनी बुडणारे व्याज २१ हजार. म्हणजे वर्षाला ३६ हजार, एका रात्रीचे ६ हजार; जेवण आणि प्रवास वेगळा. शिवाय आपल्या सुटीच्या दिवसांत खोली उपलब्ध असेलच असे नाही. सर्वच क्लब फसवे असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. सभासदत्वाचा चांगला उपयोग करून घेणारी कुटुंबेही आहेत. परंतु निर्णय कागद वाचून, व्याज मोजून आणि घरी बसून घ्यावा. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशाने अशा टाइमशेअर करारानंतर ग्राहकाला चौदा दिवसांत विनाकारण माघार घेण्याचा हक्क दिला आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. हे चौदा दिवस आपल्याकडे आपणच स्वतःला द्यावे लागतात.

प्रतिबंध

लस रोगाआधी टोचावी लागते, तसेच काही नियम घर सोडण्यापूर्वी कुटुंबाने ठरवावेत. माझ्या सूचना पुढीलप्रमाणे :

पैसे देण्यापूर्वी दहा मिनिटे थांबणे हा घराचा नियम करावा. त्या दहा मिनिटांत पाणी प्यावे, मुलाला खाऊ द्यावा आणि दोघांपैकी जो गप्प होता त्याचे मत विचारावे. खरा व्यावसायिक दहा मिनिटे थांबतो.

मुलांना आधीच सांगावे, की खेळ कोणता व केव्हा हे आईबाबा ठरवतील आणि रोज एक खेळ नक्की मिळेल. अपेक्षा ठरलेली असली की मूल हट्ट कमी करते आणि दलालाचे हत्यार बोथट होते.

मुलांच्या भुकेच्या व झोपेच्या वेळा सांभाळाव्यात. हा सल्ला मी प्रकृतीसाठी देतो, पण तो खिशालाही मानवतो. रडणाऱ्या मुलाला घेऊन कोणीही नीट सौदा करू शकत नाही.

मोठी रक्कम शक्यतो कार्डाने भरावी आणि सहलीच्या खर्चासाठी मर्यादित शिल्लक असलेले वेगळे खाते वापरावे. आधारपत्राची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

उपचार

एवढे करूनही फसवणूक झाली तर लाज बाळगून वेळ दवडू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येतात. अपघातग्रस्ताच्या पहिल्या तासाचे जे महत्त्व, तेच येथेही आहे. त्याच वेळी बँकेलाही लेखी कळवावे आणि संदेश, पावत्या, छायाचित्रे यांतील काहीही पुसून टाकू नये.

ज्या कलमामुळे 'चारसोबीस' हा शब्द आपल्या बोलीत रुजला, त्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. नव्या फौजदारी प्रक्रियेनुसार गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गोव्यातील गुन्ह्यासाठी पुन्हा गोव्याला जाण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नेही मोठी सोय केली आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या सहल कंपनीविरुद्ध बऱ्हाणपूरच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाचे दार ठोठावता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पर्यटकांसाठी १३६३ हा स्वतंत्र मदत क्रमांकही आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे सांगणे. आपल्या मासिक बैठकीत आपण अवघड रुग्णांवर मोकळेपणाने चर्चा करतो. तेथे चहाच्या वेळी अशा अनुभवांनाही जागा असावी. एकाने सांगितले तर दहा कुटुंबे सावध होतील.

समारोप

या सर्वाचा अर्थ प्रवासात प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहावे, असा कृपया घेऊ नये. गोव्याच्या गल्लीत पत्ता विचारल्यावर दारापर्यंत सोबत येणारे लोक मी पाहिले आहेत. मुलांनी सहलीतून हेही घरी आणले पाहिजे. जो स्वतःहून आपल्याकडे धावत येतो त्याच्याशी सावध राहावे आणि ज्याला आपण निवडून विचारतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, एवढा साधा भेद मुलांनाही समजतो.

शेवटी, आपणही यजमान आहोत. शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा आणि आसीरगड पाहण्यासाठी, दर्गाह-ए-हकीमीच्या जियारतीसाठी दूरदूरची माणसे सहकुटुंब बऱ्हाणपूरला येतात. त्यांच्यातील आजारी मूल कधी आपल्या दवाखान्यात येते, तेव्हा ते कुटुंब घाईत असते, थकलेले असते आणि गावात त्यांचे ओळखीचे कोणी नसते. त्यांच्याकडून तेच शुल्क घ्यावे जे शेजाऱ्याकडून घेतो, अनावश्यक तपासणी लिहू नये आणि पावती न मागता द्यावी. परगावी आपल्या मुलाबाळांना जसे वागवले जावे असे वाटते, तसे आपण आपल्या गावात वागावे.

आपणा सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.